६ लाइन केली परवा

१८ मार्च

पोळ्या चार. तीन ह्यांना, एक मला. मुगाची उसळ. चहाचा थर्मास, झाकणाचं रबर सैल झालेलं, म्हणून वर फडक्याचा वेढा. बूट हीटरच्या जाळीवर वाळत ठेवलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे. बोळे काढायचे, बूट दाराशी सरळ मांडायचे. शर्टाच्या खिशात वही आणि पेन्सिल. पावणेसहाला गाडी गरम करायला बाहेर. गेल्या मार्चातली कुठलीही एक सकाळ. विशेष काही नाही तिच्यात.

आज माझेच बूट वाळवत होते. बोळे कोंबताना एवढं सगळं आलं.

हंगामी नोकरीचा फॉर्म भरून दिला. सातवं वर्ष. गावचं गोल्फचं मैदान, नऊ होल. कामाचं स्वरूप दरवर्षीचंच: फुलांचे वाफे, उखडलेल्या गवताचे खळगे भरणे, शनिवारी खिडकीवर बसून पैसे घेऊन लोकांना पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो तिथे, सोडणे. मैदानाच्या प्रमुखाने, केलीने, खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली. डिगच्या वह्या वाचून दाखवणे.

फॉर्मची प्रत घेऊन थोडा वेळ गाडीत बसले.

२७ मार्च

उत्तरेच्या उतारावर अजून बर्फ. बाकी सगळं पिवळं, ओलं. हिवाळ्यात पडलेल्या फांद्या गोळा केल्या, तीन गाड्या भरल्या.

रेने पाटी रंगवून आणली. हिरव्यावर पांढरी अक्षरं, 'डिगचं पंपहाउस'. ह्यांचं नाव, दिगंबर, कोणालाच म्हणता आलं नाही, म्हणून डिग, जशी मी शाल. शिवाय हातात कायम फावडं. रे म्हणाला, "पहिल्याच दिवशी मला वाटलं, नाव नाही, हुद्दा सांगतोय." ह्यांच्याबरोबर त्याने ह्या मैदानावर एकोणीस वर्षं काढली. पाटी मैदान उघडायच्या दिवशी लावायची.

अकरा वह्या शेडमधल्या टेबलावर. सगळ्या मराठीत. ह्या मैदानाच्या पाण्याचा धड नकाशा कोणाकडे नाही. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, कुठली जुनी लाइन कुठून वळते, ते एक ह्यांच्या डोक्यात आणि एक वह्यांत. केली ग्रीनचा, म्हणजे चेंडू ज्यात पाडायचा त्या कपाभोवतीच्या बारीक गवताचा, नंबर सांगते, मी पान शोधते. दहावी शिकलेली बाई मी. अमेरिकेत आल्यावर इंग्रजी शिकले ते बियाण्याच्या पोत्यांवरून आणि लायब्ररीतून. आणि आता युनिव्हर्सिटीत गवतच शिकून आलेली, तिशीतली मैदानाची प्रमुख माझ्या तोंडाकडे बघत उभी असते. बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

११ एप्रिल

काल सगळ्या लाइनींत पाणी सोडलं. आज सकाळी सहाव्या ग्रीनवर पाय ठेवला तर गादीसारखं खाली गेलं. मागचा अर्धा भाग. कडेने चिखल वर येत होता. रेने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, तोवर फार उशीर.

दुपारी खणलं. पाइप लांबीत चिरलेला. आत पाणी राहिलं, गोठलं, फुटला.

सहावी लाइन जुनी आहे, तळ्याकडून वेगळी येते. बाकीच्या लाइनी हिवाळ्याआधी मोठा कॉम्प्रेसर भाड्याने आणून फुंकून रिकाम्या करतात. ही त्याला जोडलेलीच नाही. हाताने करावी लागते.

ती झाली आहे असं नोव्हेंबरात मीच सगळ्यांना सांगितलं होतं. हे जाऊन दहा दिवस झाले होते. केलीने शेडमध्ये शेवटची वही माझ्यासमोर धरली. शेवटचं लिहिलेलं पान, २९ ऑक्टोबर. शेवटची ओळ.

६ लाइन केली परवा.

मी वाचलं. मग इंग्रजीत सांगितलं. सहावी लाइन केली, परवा केली, म्हणजे सत्तावीसला. शेवटचं कामसुद्धा पुरं करून गेले, असंही म्हणाले बहुतेक. रेने हिवाळ्याच्या कामांच्या यादीवर टिक मारली, यादी गावच्या ऑफिसात गेली.

आज खड्ड्याभोवती सगळे उभे.  केली माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तो दमलेला असणार, शाल. करायचं मनात असतं आणि केलं असं वाटतं. कोणाचंही होतं."

मी मान हलवली.

१४ एप्रिल

सहाव्याचं मागचं अर्धं ग्रीन उकरून काढलं. बंद. अलीकडे फेअरवेवर, म्हणजे मधल्या मोकळ्या पट्ट्यावर, गवत बारीक कापून तात्पुरतं ग्रीन केलंय. परडीएवढं.

पाटी शेडमध्ये आहे. भिंतीकडे तोंड करून ठेवलीय कोणीतरी.

२६ एप्रिल

मैदान उघडलं. पंपहाउस तसंच, पाटीशिवाय.  रेने आणि मी सकाळ बदकांबद्दल बोलून काढली. जोडी परत आलीय, सातव्याच्या तळ्यावर. घाण तर सगळीकडे.

घरी आल्यावर दोन पोळ्या केल्या. एक उरली.

१० मे, शनिवार

खिडकीवर. मस्त ऊन. आपली चार मराठी मुलं आली, ऑफिसातली. दोन पुण्याचे, एक नागपूरचा, चौथा नवीन. जुने तिघे "काकू, कशा आहात" करून गेले गोल्फची गाडी आणायला. नवा ते गेल्यावर पैसे द्यायला आला, फोनवर दुसऱ्या कोणाशी तरी मराठीत बोलत.

"अरे यार, सहावं अजून बंदच. कोणी डिग म्हणून होता इथे, त्याने लिहून ठेवलं झालं म्हणून, आणि केलंच नव्हतं. टिपिकल. सही करायची आणि घरी जायचं."

मी त्याला गुण लिहायचं कार्ड दिलं, छोटी पेन्सिल दिली. "सहाव्याला कप अलीकडे आहे, डाव्या हाताला. बघून मारा," म्हटलं, मराठीत.

तो एकदम ओशाळला. "सॉरी काकू, तुम्ही मराठी? कळलंच नाही." त्याला एवढंच चुकलं असं वाटलं.

म्हणजे गोष्ट खिडकीपर्यंत पोचली तर. पुढे कुठे कुठे जाईल.

२ जून

पिवळी फुलं संपली, त्यांच्या म्हाताऱ्या उडताहेत. खळगे भरले, पाचवा आणि आठवा. वाळू, बी, वर पायाने दाब. हे काम मला आवडतं. लोक मारतात, आपण भरतो, दोन आठवड्यांत ओळखू येत नाही.

आज भरता भरता मनात आलं ते लिहून ठेवते. नसेलच केली लाइन ह्यांनी. ऑक्टोबरात जिने चढताना थांबायचे. मला म्हणायचे, बुटाची नाडी. दमून घरी आले असतील आणि वहीत लिहून टाकलं असेल, उद्या करू म्हणून.

बत्तीस वर्षांत ह्यांच्या लिहिलेल्यावर शंका घेतली नव्हती. आज घेतली. मग आठव्याचे उरलेले खळगे न भरताच परत आले.

१९ जून

लेकीचा फोन, अदितीचा, दक्षिणेतल्या कॅरीहून. तिकडे केव्हाच उन्हाळा लागलाय. "आई, समर तरी इकडे काढ. तिथे काय आहे?" म्हटलं, खळगे आहेत. ती हसली. वडिलांसारखी हसते, नाकातून.

८ जुलै

तीन दिवस उष्णतेची लाट. दुपारी ग्रीनवर पाण्याचा हलका शिडकावा चाललाय. तिसऱ्यावर तपकिरी डाग. केली म्हणाली, मागच्या उन्हाळ्यात डिगने इथे काहीतरी केलं होतं, मी तेव्हा नवीन होते, बघ ना. म्हणून दहावी वही काढली. ही मी नीट वाचलेली नव्हती.

१४ जुलै. ३ पाणी रे दुपार.
१५ जुलै. बदकं रे उद्या.
१६ जुलै. ९ कप केली उद्या.

पुढे गेले. मग मागे आले.

कप केली? कप तर केला म्हणतात. ह्यांचं शुद्धलेखन कसंही असेल, पण कपाला कोणी केली म्हणत नाही. आणि केली म्हटल्यावर पुढे उद्या कसं येईल?

पुन्हा वाचलं. ९ कप. केली. उद्या. नवव्याचा कप हलवायचा, केली हलवेल, उद्या.

काम, माणूस, दिवस. प्रत्येक ओळ तशीच. मग सगळं पान चाळलं, आधीचं, त्याच्या आधीचं. क्रियापद एकही नाही. एकदा मी चिडवलं होतं, तुमची वही म्हणजे वाण्याची यादी. तेव्हा म्हणाले होते, "क्रियापद मैदानावर करायचं. वहीत कशाला?"

६ लाइन. केली. परवा.

सहावी लाइन रिकामी करायची, केलीला बरोबर घेऊन. परवा. येणारा परवा. लिहिलं २९ ला, म्हणजे ३१ ला. ३० च्या सकाळी हे गेले.

घरात तिचं नाव कधी आलं नाही. तिला 'ती पोरगी' म्हणायचे, ती पोरगी शिकेल, ती पोरगी चिवट आहे. वहीत मात्र नाव लिहीत. आणि मी ते क्रियापद म्हणून वाचलं. सगळ्यांसमोर. अभिमानाने.

केलीने विचारलं, "सापडलं?" म्हटलं, दुपारी पाणी द्यायचे, एवढंच लिहिलंय.

९ जुलै

सांगितलं नाही.

१२ जुलै, शनिवार

सांगितलं नाही. खिडकीवर गर्दी. संध्याकाळी केली सरबत घेऊन आली, पायरीवर बसली. म्हणाली, "तू नसतीस तर ह्या वह्या मी खोक्यात भरून ठेवून दिल्या असत्या. तुझ्यामुळे तो अजून कामावर आहे असं वाटतं."

आता हिला कसं सांगू की मला वाचता आलं नाही? एक शब्द चुकला तर बाकीच्यांचा काय भरवसा? मग वह्या खोक्यात जातील. शेडमध्ये माझी खुर्ची आहे वह्यांपुढे, ती जाईल. हे मोठं कारण नाही. पण तेच कारण आहे.

नाही सांगितलं तर हे खोटं लिहून गेलेला माणूस.

३ ऑगस्ट

अदितीला सांगितलं. म्हणाली, "आई, इट्स अ ट्रान्सलेशन एरर. लोकांना पैसे देऊन ठेवतात ह्या कामाला, आणि तेही चुकतात."

म्हटलं, बाबांचं नाव गेलं ना त्यात.

"बाबा वुड हॅव लाफ्ड. लाइन केली. काय भारी आहे."

खरंय. हसले असते. नाकातून. मग उठून गेले असते लाइन बघायला.

२१ ऑगस्ट

ग्रीनना भोकं पाडायचं यंत्र फिरवलं. मातीची बोटं बोटं बाहेर येतात, मोडलेल्या कडबोळ्यांसारखी पसरलेली असतात सगळीकडे. फावड्याने ढकलत नेली. खेळणारे कुरकुरतात, दरवर्षी. रे सांगत होता एकाला, "जमिनीलाही श्वास लागतो, साहेब. तुमचा पट्टा सैल करता ना जेवल्यावर?"

सहाव्यावर नवीन गवताच्या लाद्या बसवून सहा आठवडे झाले. मुळं धरलीत. सांध्याची रेघ अजून दिसते.

१२ सप्टेंबर

रे ह्या हंगामानंतर येणार नाही. गुडघे. आज दोघं मिळून चौथ्याचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, दाताळ्याने ओढला. मध्येच दाताळं टेकून उभा राहिला.

"ती टिक मी मारली होती, शाल. जाऊन बघायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. पण डिगचं कधी तपासायला लागलं नव्हतं ना, तर सवयच नव्हती."

मी म्हटलं, तुझी चूक नाही.

"मग कोणाची? त्याची म्हणू?" आणि परत ओढायला लागला.

बंकरमध्ये आमच्या दोघांच्या रेघा सरळ आल्या. मी वहीचं सांगितलं नाही. ह्या माणसाने पाटी रंगवली होती.

४ ऑक्टोबर, शनिवार

पानं. सगळीकडे पानं. लोक चेंडू शोधत फिरतात पिवळ्यावर पिवळा. तो मे महिन्यातला नवा मुलगा आता नेमाने येतो. आज त्याने मला घरचे बेसनाचे लाडू आणून दिले, आई आलीय म्हणून. चांगला मुलगा आहे. त्याला कोणीतरी सांगितलं ते त्याने सांगितलं.

२० ऑक्टोबर

पहिलं कडक दव, गोठलेलं. अशा गवतावर पाऊल टाकलं की पाती मोडतात, दुपारी काळे ठसे उमटतात. म्हणून नऊपर्यंत कोणाला सोडलं नाही. खिडकीत गर्दी, मी सगळ्यांना तेच सांगत. गवत उठलेलं नाही अजून.

केली आली. "ह्या वर्षी सहावी लाइन मी स्वतः करणार. पद्धत आहे का कुठे लिहिलेली?"

आहे. चौथ्या वहीत. ६ लाइन. माणसं दोन. एक व्हॉल्व्हशी, हातपंपाने हवा. एक खालच्या टोकाला, टोपण अर्धं सैल, हात टोपणावर. पाणी थांबून हवा येईपर्यंत.

वाचून दाखवलं.  

"दोन?" ती म्हणाली. "मग गेल्या वर्षी त्याने एकट्याने कशी..." आणि थांबली. 

२५ ऑक्टोबर

शेवटचा शनिवार. पुढच्या आठवड्यात झेंडे काढायचे. लायब्ररीची पुस्तकं परत केली, दोन न वाचताच.

दोन्ही वह्या घरी आणल्यात, दहावी आणि अकरावी. पिशवीत घालून ठेवल्या, दाराशी, बुटांशेजारी.

२९ ऑक्टोबर

परवा केलीला सांगितलं. क्रियापद लिहिलं आहे, म्हणजे चूक नको.

शेडमध्ये दोघीच होतो, रे बाहेर कुंड्या रिकाम्या करत होता. मी दहावी वही उघडून कपाची ओळ दाखवली, मग अकराव्या वहीतली शेवटची. म्हटलं, हा शब्द मी केलं, झालं, असा वाचला. पण ते तुझं नाव आहे. आमच्या भाषेत दोन्ही सारखंच लिहितात. आणि हा पुढचा शब्द, तो होऊन गेलेल्या दिवसालाही चालतो, येणाऱ्यालाही. त्याने काही खोटं लिहिलं नव्हतं. मी चुकीचं वाचलं. जुलैपासून मला माहीत आहे.

ती वाकून बघत राहिली. बोट ठेवलं त्या अक्षरांवर. "हे मी?"

हो.

"आणि तो दिवस कुठला?"

एकतीस.

 मग म्हणाली, "मी होते त्या दिवशी कामावर. आले असते मी."

वही मिटली नाही तिने, तशीच उघडी ठेवली आणि बाहेर गेली. खिडकीतून दिसली, रेशी बोलत होती. रेच्या हातातली कुंडी हातातच राहिली. काय बोलले ते ऐकू आलं नाही. तो आत आला नाही, त्या दिवशी जाताना भेटलाही नाही. पाटी होती तिथेच आहे, भिंतीकडे तोंड. गावच्या ऑफिसात गेलेल्या त्या यादीचं केली काय करणार, वह्या मी पुढे वाचायच्या की नाही, काही ठरलेलं नाही. 

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सकाळी सातला सहाव्यावर गेले. केली वर व्हॉल्व्हपाशी होती. मी खालच्या टोकाला गवतात बसून टोपण अर्धं सैल केलं आणि पाणी थांबून हवा येईपर्यंत धरून ठेवलं.